तीन वाजताचं पाणी

१

सात नंबरच्या खोलीतल्या हेडबाई गेल्या, हे आधी चिमणीला कळलं. दुपारचे तीन पंचवीस झाले होते. तिने किंकाळी फोडली नाही, की हातातला ट्रे पाडला नाही. तशीच उलट्या पावली खोलीबाहेर आली, डेस्कपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "सिस्टर, हेडबाई हलत नाहीयेत."

चिमणी म्हणजे वृद्धाश्रमाच्या पहिल्या मजल्यावर म्हाताऱ्यांचं सगळं करणारी मुलगी. वय सव्वीस. बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून म्हाताऱ्यांनीच ठेवलेलं हे नाव. आत्ता मात्र तिला एवढं एकच वाक्य सुचलं.

मोठ्या सिस्टर उठल्या. तो पाऊण तास आधीच त्यांच्या अंगावर आला होता. पावणेतीनला मजल्यावरचे म्हातारे पोस्टमास्तर बाथरूममध्ये घसरून पडले. चिमणी आणि चहावाले काका त्यांना धरून फरशीवर बसले, आणि सिस्टर डेस्कवरून एकामागून एक फोन लावत राहिल्या: डॉक्टरांना, अँब्युलन्सला, मास्तरांच्या मुलाला. फोन खांद्यात दाबलेला, एका हाताने फाइल शोधायची, दुसऱ्याने पॅनेलवर एखाद्या खोलीची घंटा किणकिणली की बंद करायची, आणि मधेच बाथरूमच्या दिशेने ओरडायचं, "त्यांचा पाय हलवू नका!"

मास्तरांसाठी आलेले डॉक्टर अजून मजल्यावरच होते. ते तसेच सातमध्ये आले. त्यांनी हेडबाईंचे डोळे पाहिले, मनगट धरलं, मग छातीवरच्या टॉवेलला हात लावला आणि तो उचलून सिस्टरांपुढे धरला. टॉवेल गच्च भिजला होता. खालचा गाऊनही.

"अर्धा तास झाला असेल, फार तर," डॉक्टर म्हणाले. "ठसका लागला, श्वास कोंडला." आणि मग, आवाज न चढवता, "सिस्टर, यांना साधं पाणी कोणी दिलं?"

२

हेडबाई बावीस वर्षं एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आठ महिन्यांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली, अर्धी वाचा गेली, आणि गिळण्याचा भरवसा गेला. पातळ काही घशात गेलं की ते वाट चुकून थेट श्वासात उतरणार. म्हणून पाणी असो की चहा, पावडर घालून चमच्यावर उभा राहील इतका घट्ट करूनच द्यायचा. पलंगाच्या डोक्याशी लाल पाटी होती: साधं पाणी नाही.

हेडबाई त्या पाण्याला खळ म्हणत. "पोस्टरं चिकटवा," असं एकदा पोटावर हात ठेवून त्या मोठ्या कष्टाने म्हणाल्या होत्या, आणि सगळा मजला हसला होता. त्या मात्र हसल्या नव्हत्या.

साडेचारला मॅनेजरसाहेबांच्या खोलीत हेडबाईंचा मुलगा टेबलावर मूठ ठेवून उभा होता. मुलाहून मोठी त्यांची लेक कोपऱ्यातल्या खुर्चीच्या कडेवर बसली होती, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून. साहेबांच्या पुढ्यात सात नंबरचा तक्ता होता. कोणाला किती वाजता काय पाजलं, याचा रोजचा कागद. शेवटची ओळ चिमणीच्या अक्षरात होती.

मुलाने ती मोठ्याने वाचली. "तीन वाजता. घट्ट पाणी, शंभर मिली, दिलं. त्रास नाही." त्याने मान वर केली. "त्रास नाही! माझी आई मेली, आणि तुमच्या कागदावर त्रास नाही!"

"आपण शांतपणे—" साहेब म्हणाले.

"शांतपणेच बोलतोय मी. पावडर घालायचा कंटाळा आला तिला, दिलं साधं पाणी ओतून. ताई दोन-चाळीसला इथून निघाली, तेव्हा आई चांगली होती. तुमच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये आहे वेळ. वीस मिनिटांत या पोरीने मारली तिला. ताई, अगं तू काहीतरी बोल ना!"

"काय बोलू?" लेक म्हणाली.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "सहा वाजता माझा रिपोर्ट जाईल. कागदावर नाव एकच आहे. नंतर तुम्ही आणि पोलीस."

पोलीस हा शब्द दाराबाहेर ऐकू गेला असणार. तिथे चिमणी उभी होती. अशी केस एकदा नावावर लागली की कुठलंच हॉस्पिटल, कुठलाच आश्रम तिला दारात उभं करणार नव्हता. आणि म्हाताऱ्या माणसांचं करणं याखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं, नकोही होतं.

"सहापर्यंतचा वेळ मला द्या," सिस्टर म्हणाल्या.

"तुम्ही सिस्टर आहात. पोलीस नाही."

"खरंय. पण पोलिसांना घट्ट पाणी आणि साधं पाणी यातला फरक समजावून सांगण्यातच सहा वाजतील."

३

चिमणीला त्यांनी चादरींच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"तू दिलंस पाणी?"

"दिलं. घट्टच दिलं."

"टॉवेल गच्च भिजलाय. घट्ट पाणी सांडलं की कापडावर गोळा होऊन बसतं, चमच्याने उचलता येतं. हे आरपार गेलंय."

"मी घट्टच दिलं, सिस्टर." चिमणी चादरींच्या थप्पीकडे बघत होती. "तीन वाजता. लिहिलंय ना मी."

एरवी साध्या खोकल्याची हकीकत दहा मिनिटं सांगणारी ही मुलगी आज मोजून बोलत होती. सिस्टरांना तिच्या बोलण्यापेक्षा त्या मोजण्याची धास्ती वाटली.

त्या खाली पॅन्ट्रीत गेल्या. चहावाले काका ओट्याला टेकून आपला खांदा चोळत होते.

"चिमणी तीन वाजता कुठे होती, काका?"

"कुठे असणार? माझ्यासमोर, फरशीवर. मास्तरांचं डोकं तिच्या मांडीवर, पाय माझ्याकडे. आणि म्हातारा काय म्हणतोय माहितीये? 'रजिस्टर्ड पत्रं आधी वाटा, मग मला उचला.'" काका हसायला गेले आणि थांबले. "वाईट झालं हो हेडबाईंचं."

"मधे एकदाही उठली नाही? पाच मिनिटं?"

"उठली असती तर मास्तरांचं डोकं आपटलं असतं. डॉक्टर येईपर्यंत दोघंही हललो नाही."

"पण नक्की तीन वाजता?"

"घड्याळ कोण बघत होतं, सिस्टर? पण माझा चहा तीनला निघतो. मी हात मोकळा झाल्याशिवाय निघालो नाही, आणि आज निघालोच नाही." त्यांनी मोठ्या किटलीचं झाकण उघडून दाखवलं. किटली काठोकाठ भरलेली होती, वर साय धरलेली.

सिस्टर एकेक पायरी चढत वर आल्या. चिमणी तिथेच होती, त्याच थप्पीपाशी.

"तू तीन वाजता सातमध्ये गेलीच नाहीस."

चिमणीने वरच्या चादरीची घडी मोडून पुन्हा घातली.

"पाणी दिलं नाहीस. घट्ट नाही, साधं नाही. मग लिहिलंस कधी?"

"अडीचला," चिमणी म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "सगळ्यांचंच लिहिलं होतं, बाराच्या बारा जणांचं, रोजच लिहितो आम्ही, जेवणं आटपली की डेस्कवर बसून संध्याकाळपर्यंतचे रकाने भरून टाकतो, मग कामाला मोकळे. आज मास्तर पडले, मी अडकले. हेडबाई गेल्या तेव्हा त्या कागदावर आधीच पाणी प्यायल्या होत्या."

"मग साहेबांना हे का नाही सांगितलंस? पाणी दिलं म्हणून तुझ्यावर त्यांच्या मरणाचा आळ येतोय!"

चिमणीने पहिल्यांदा वर पाहिलं. "त्यांनी विचारलं असतं, असं करायला तुला शिकवलं कोणी."

सिस्टरांनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत. पाच वर्षांपूर्वी तपासणीला आलेल्या बाईंनी एक रिकामा रकाना बोटाखाली धरला होता, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर सिस्टरांची खरडपट्टी काढली होती. त्यानंतर मजल्यावर येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला त्यांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती. आधी लिही, मग जा. नाहीतर राहून जातं.

४

सव्वापाच वाजले होते. खोली सातमध्ये हेडबाईंवर चादर ओढलेली होती. सिस्टर दारातच थांबल्या. खोलीत येऊन कामाला लागणं त्यांना रोजचं होतं. नुसतं बघणं सवयीचं नव्हतं.

खुर्ची खिडकीच्या बाजूला होती, पलंगाला चिकटून. हेडबाईंच्या मानेखाली उशी घडी करून सरकवलेली होती. आणि खिडकीच्या कट्ट्यावर, घडी घातलेल्या रुमालावर, काचेचा एक ग्लास पालथा घातला होता.

सिस्टरांनी तो हातात घेतला. बाहेरच्या फिल्टरपाशी ठेवलेल्या ग्लासांपैकीच होता. आतून अजून ओलसर. धुतलेला.

हेच त्यांना पटेना. खोलीतलं बेसिन हात धुण्यापुरतं; उष्टी भांडी ट्रेवर, ट्रे पॅन्ट्रीत. हा नियम सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडलेला होता की इथे महिनाभर काम केलेल्या माणसाचा हात ग्लास घेऊन त्या बेसिनकडे वळलाच नसता. चिमणी नाही. काका तर नाहीच नाही. पोस्टमास्तर फिल्टरचं पाणी ग्लासात भरून टपाल वाटावं तसं खोल्याखोल्यांतून वाटत फिरत, खरं. पण ते धुवून पालथे घालणारे नव्हते, आणि पावणेतीनपासून ते फरशीवर होते.

भांडं धुवायचं, रुमालावर पालथं घालायचं. असं घरी करतात. आपल्या आईच्या खोलीत करतात.

पण लेक दोन-चाळीसला गेली होती. आणि असा ठसका तासाभराने लागत नाही, घोटासरशी लागतो. डॉक्टर म्हणाले होते अर्धा तास, फार तर.

सिस्टर जिना उतरून गेटवर गेल्या. गेटवरच्या वॉचमनला सगळे फौजदार म्हणत, कारण आलेल्या माणसाची तो उलटतपासणी घेई.

"फौजदार, सात नंबरच्या ताई आज किती वाजता बाहेर पडल्या?"

त्याने रजिस्टर फिरवून बोट ठेवलं. "आत एक-पन्नास. बाहेर दोन-चाळीस."

"तुम्ही पाहिलंत त्यांना जाताना?"

"लिहिलंय ना, सिस्टर."

"पाहिलंत का, ते विचारतेय."

फौजदाराने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "आता तुमच्यापासून काय लपवायचं? दोन्ही वेळा मी येतानाच लिहून घेतो. किती वेळ बसणार विचारतो, आणि तेवढं मांडतो. जाताना लोक डोळे पुसत जातात हो, त्यांना सही कुठे मागणार? रकाना रिकामा दिसला की साहेब माझी सालटी काढतात."

वर त्यांच्या मजल्यावर, खाली याच्या गेटवर, सगळं घरच आधी लिहीत होतं.

"मग खऱ्या कधी गेल्या?"

"अँब्युलन्ससाठी फाटक उघडलं ना, तेव्हा कडेकडेने बाहेर पडल्या. भिंत धरून चालत होत्या. मी म्हटलं, ताई, सावकाश." त्याने पान उलटलं. गाड्यांच्या वेळा तो गाडी आल्यावरच लिहायचा, नंबर आधी माहीत नसतो म्हणून. तीन वाजून तेरा मिनिटं.

५

लेक भेटायला येणाऱ्यांच्या खोलीत एकटीच होती. भाऊ व्हरांड्यात फोनवर कोणाला तरी तक्रारीचा मजकूर सांगत होता. त्याचा आवाज काचेतून अर्धामुर्धा येत होता.

सिस्टर तिच्या शेजारी बसल्या. "ग्लास तुम्ही धुतलात."

लेकीने नाही म्हटलं नाही.

"आठ महिने मागत होती," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही, नुसतं पाणी. मी म्हणायची, आई, हे पाणीच आहे. ती माझ्याकडे अशी बघायची, वर्गात खोटं बोललेल्या मुलीकडे बघावं तशी." ती थांबली. "आज मी विचार केला, अर्धा ग्लास. मानेखाली उशी दिली, हनुवटी खाली धरली, तुम्ही दाखवली होती तशी. घोट घोट दिलं."

"आणि ठसका लागला."

"हो."

"मग तुम्ही निघून गेलात?" सिस्टरांना स्वतःचा आवाज कडक आलेला ऐकू आला. "त्या मुलीला आत टाकतील, ताई. ती खोलीत आलीसुद्धा नव्हती. तुम्ही मघाशी तिथे बसून ऐकत होतात."

"माहितीये मला." लेकीने पर्स सोडली. "सगळं संपल्यावर गेले. तिचं तोंड पुसलं. ग्लास का धुतला, नाही सांगता येणार. मी पळणारी नाही हो. फक्त भावाला सांगायला तोंड उघडत नव्हतं. पण त्याआधी मी घंटा वाजवली होती."

सिस्टर तिच्याकडे वळल्या.

"दोनदा दाबली. बाहेर वाजलेली मला ऐकू आली. मग बंद झाली. बंद झाली म्हणजे कोणीतरी निघालं, असंच ना? दुसऱ्यांदा दाबली, तीही लगेच बंद झाली. मग मी तिला सोडून उठलेच नाही. पाठ चोळत राहिले आणि दाराकडे बघत राहिले." तिने सिस्टरांकडे मान वळवली. "कोण येत होतं, सिस्टर?"

६

डेस्कवरच्या पॅनेलला तळहाताएवढा पडदा होता. शेवटच्या चाळीस घंटा त्यावर राहत. नवी वाजली की सगळ्यात जुनी गळून पडे. सिस्टर यादीच्या तळाशी गेल्या.

खोली ७. ३:०४. डेस्कवरून बंद.
खोली ७. ३:०४. डेस्कवरून बंद.

तळाच्या ओळी त्याच दोन होत्या.

आता आठवलं. फोन खांद्यात, फाइल हातात, आणि सातचा दिवा. हेडबाईंची घंटा दिवसातून पाच वेळा त्यांच्याच दंडाखाली दाबली जाई. तरी सिस्टरांनी नजर टाकली होती, सातच्या तक्त्यावर, समोरच टांगलेला असतो. तीन वाजता, दिलं, त्रास नाही. म्हणजे मुलगी आत्ताच जाऊन आली. त्यांनी बटण दाबलं होतं. दोनदा. घशातलं ओढून काढायचं मशीन डेस्कच्या मागेच होतं, आणि तिथून सातचं दार नऊ पावलांवर.

हेडबाई वाचल्या असत्या का? कदाचित. कदाचित नाही. पण त्या ‘कदाचित’पर्यंत चालत जायचं काम सिस्टरांचं होतं.

तीन नंबरची घंटा वाजली. पडदा एक ओळ सरकला. ३:०२ नाहीशी झाली.

सिस्टर बघत राहिल्या. आता काहीच करायची गरज नव्हती. आणखी एक घंटा, की हे कुठेच उरणार नव्हतं. लेकीने कबूल केलंच होतं, चिमणी सुटणारच होती, घंटेची गोष्ट राहिली तर एका भेदरलेल्या बाईच्या शब्दावर. वीस वर्षांची नोकरी. अकरा नंबरची घंटा तर रोज या वेळेला वाजायचीच.

त्यांनी कागद ओढला आणि पडद्यावर उरलेली ओळ जशीच्या तशी उतरवली. वर आठवणीतून पहिली लिहिली. खाली लिहिलं, तक्ता अडीचलाच भरलेला होता, घंटा दोन्ही वेळा मी बंद केली. सही करत होत्या तेव्हा अकराचा दिवा लागला. त्या स्वतः उठून अकरामध्ये गेल्या, आजोबांचा चष्मा उचलून दिला, आणि मगच खाली गेल्या.

सहाला पाच कमी होते. साहेबांच्या खोलीत लेकीने भावाला आधीच सांगितलं होतं. त्याच्या तोंडावरून कळत होतं. सिस्टरांनी कागद वाचून दाखवला, अडीचच्या तक्त्यापासून तीन वाजून चार मिनिटांच्या घंटेपर्यंत, मधे न थांबता.

"याची गरज नव्हती," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"तक्ता आधी लिहायला मी शिकवलं. मुलीला ठपका द्यायचा असेल तर तो लेखी मलाही द्या." सिस्टरांनी कंबरेचा औषधाच्या कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा सोडवून टेबलावर ठेवला. चिमणी दारात उभी होती. ती तिथून हलली नाही.

मुलाने खिशातून तक्रारीचा कागद काढला. चिमणीचं नाव त्याने खोडलं, इतकं की पेनाने कागद फाटला. मग सिस्टरांकडे न बघता विचारलं, "तुमचं पूर्ण नाव?"

सिस्टरांनी सांगितलं. त्याने लिहून घेतलं.

त्याखाली आणखी एक नाव लिहायचं होतं. पेन कागदावर टेकलेलं राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. शेवटी त्याने पेन बाजूला ठेवलं आणि बहिणीसमोरची खुर्ची ओढून बसला.

"ताई."

"हं."

"किती प्यायली?"

"दोन घोट नीट गेले. अगदी नीट."

"काही म्हणाली?"

लेकीने मान हलवली. "म्हणाली, आणखी."